जोशीचा योशी होतो तेव्हा

परदेशी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याने वार्षिकाला लेख द्यायचा म्हणजे तिथल्या बर्फाचे, बागांचे आणि भव्य पुलांचे वर्णन करायचे, अशी आपल्याकडे रूढी आहे. ती मी मोडतो आहे. बर्फाचे कौतुक पहिल्या हिवाळ्यापुरते टिकते. दुसऱ्या हिवाळ्यापासून तो दारासमोरून फावड्याने ओढायचा असतो. याच महाविद्यालयातून मराठी घेऊन मी बी. ए. झालो, पुढे पुण्यात जर्मन शिकलो, आणि गेली अकरा वर्षे दक्षिण जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात भाषांतराचे काम करतो. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून एकमेकींची भगिनी-शहरे आहेत. एका आईच्या पोटी इतक्या निराळ्या स्वभावाच्या मुली निपजतात, हे पटायला मात्र वेळ लागतो.

पहिला धक्का नावाला बसतो. जर्मन माणूस 'जे' हे अक्षर 'य' असे वाचतो आणि 'व्ही' पुष्कळदा 'फ' असा. त्यामुळे विमानतळावर उतरताच जोशीचा योशी होतो आणि वैद्यांचे फाइद्या होतात. दवाखान्यात 'हेर योशी' असा पुकारा झाला, की परिचारिका माझ्या पाठीमागे कोणी जपानी गृहस्थ दिसतो का ते पाहते. हसण्यासारखेच आहे, पण या देशात नाव ही फार जबाबदारीची वस्तू आहे. इमारतीला क्रमांक असतो, आतल्या बिऱ्हाडांना बहुधा नसतो. पोस्टमन येतो तो पत्रपेटीवरची नावाची पट्टी वाचत. पट्टी नसेल तर पत्र परत. विम्याचे, करकचेरीचे, बँकेचे, राहण्याच्या परवान्याचे, सगळे पत्रानेच येते. तेव्हा घर बदलल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत नोंद करायची, आणि त्याआधी, निदान चिकटपट्टीने का होईना, घंटेवर आपले नाव डकवायचे. एरवी माणूस कायद्याने देशात हजर आणि टपालाच्या दृष्टीने बेपत्ता!

भाषेचे म्हणाल, तर येथे मराठी माणसाची चंगळ आहे, हे माझे ठाम मत आहे. इंग्रजी माध्यमातून आलेली मंडळी जर्मन आकड्यांपुढे रडकुंडीला येतात. पंचवीसला जर्मनमध्ये 'पाच-आणि-वीस' म्हणतात, बेचाळीसला 'दोन-आणि-चाळीस'. आपण तरी दुसरे काय म्हणतो? (आपला 'एकोणतीस' मात्र त्यांच्याकडे नाही, तेवढी मिजास आपण करावी.) वेळेचेही तसेच. जर्मन माणूस 'हाल्ब द्राय' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'अर्धा तीन'. इंग्रजीत विचार करणारा साडेतीनला उगवतो आणि यजमानाचे तोंड पाहण्यासारखे होते, कारण वेळ अडीचची असते. आता आपला अडीच पाहा. तो संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' या शब्दापासून आला. तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. दीड हा 'द्व्यर्ध', दुसरा अर्धा; आणि दीडला जर्मन शब्द आहे 'आन्डरठाल्ब', त्याचाही अर्थ दुसरा अर्धा! अडीचसाठीही जुन्या जर्मनमध्ये असाच 'तिसरा अर्धा' होता. भाषाशास्त्राच्या तासाला दोन्ही भाषा एका कुळातल्या म्हणून पाठ केले होते. पटले ते घड्याळात अडीच वाजल्यावर.

लिंगेही त्यांच्याकडे तीनच. पण आपल्यासारखी मुळीच वाटलेली नाहीत. चंद्र पुल्लिंगी ठेवून त्यांनी सूर्याला बाई केले आहे. आदरार्थी बोलण्याचीही सोय आहे. परक्याला 'झी', जवळच्याला 'दू'; आपले तुम्ही आणि तू. देवाला ते 'दू' म्हणतात, आपणही विठोबाला तूच म्हणतो. फरक असा, की 'झी'वरून 'दू'वर यायचे असेल तर वडीलधाऱ्याने तसे रीतसर सुचवावे लागते.

आता पाहुणचार. आपल्याकडे पहिल्यांदा 'नको नको', दुसऱ्यांदा 'उगीच कशाला त्रास', आणि तिसऱ्यांदा ताट पुढे, असा क्रम असतो. जर्मनीत पहिला नकार हाच अखेरचा. त्यातही मौज अशी, की कोणी काही देऊ केल्यावर नुसते 'डांके', म्हणजे 'आभारी आहे', म्हटले तर त्याचा अर्थ 'नको' असा होतो. सातारहून नव्याने आलेला माझा एक मित्र अतिशय सभ्य. त्याच्यापुढे तीन वेळा सफरचंदाचा केक आला, तिन्ही वेळा त्याने नम्रपणे आभार मानले आणि तिन्ही वेळा केक पुढे निघून गेला. यजमानीणबाईंना वाटले, याला गोड वर्ज्य असावे.

रविवारविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्या दिवशी घडत काहीच नाही. दुकाने बंद. भिंतीला भोक पाडायचे नाही, काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळ् असा आवाज होतो. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखला जाईल, असे १९१९ च्या त्यांच्या राज्यघटनेत कलम होते. ते १९४९ च्या घटनेतही तसेच ठेवले आहे. घटनेनेच झोपायला सांगितले म्हटल्यावर काय बोलणार?

पण खास स्टुटगार्टकडची चीज म्हणजे 'केरवोखं', झाडलोटीचा आठवडा. जिना आणि पायवाट झाडण्याची पाळी एकेका बिऱ्हाडाकडे येते. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी लटकते. आठवडा संपला की ती पुढच्या दारावर जाते. याचे मूळ १४९२ च्या नगरनियमात सांगतात. पालिकेची सक्ती १९८८ साली उठली, तरी भाडेकरारातून प्रथा जिवंत आहे. जिना आधीच लखलखीत असला तरी झाडायचा. आपल्या चाळीत नळाच्या पाळीवरून तोंडे वाजत. इथे पाटी आपली मुकाट्याने दारोदार फिरते.

आमच्या तळमजल्यावर ऐंशी उलटलेल्या एक बाई एकट्या राहत. आठ वर्षांत आमचे बोलणे 'झी', 'नमस्कार' आणि 'आज गारठा आहे' यापलीकडे गेले नव्हते. आई तीन महिन्यांसाठी आली (व्हिसा नव्वद दिवसांचाच मिळतो) आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बेसनाचे लाडू घेऊन गेली. एकीला मराठी येई, दुसरीला श्वेबिश. तासभर गप्पा झाल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, स्वच्छ घासलेला, आणि रिकामा. आईचा चेहरा उतरला. "रिकामा डबा कुणी परत करतं का रे?" वस्तू वेळेवर आणि स्वच्छ परत करणे हाच तिथला आदर, हे मी परोपरीने सांगितले. तिने ऐकून घेतले, एवढेच.

आई परतल्यानंतरच्या फेब्रुवारीत सोमवारी पुढे जायला हवी ती पाटी मंगळवारी दुपारीही बाईंच्याच दारावर होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी घंटा वाजवली, उत्तर नाही. दार उघडवले तेव्हा बाई स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या, खुब्याचे हाड मोडून, आदल्या दिवसापासून. चाळीत हे घडते, तर उघड्या दारातून तासाभरात कळले असते. इथे दारे बंद असतात. कळले ते पाटीमुळे.

त्या वाचल्या, पण घरी परतल्या नाहीत. वृद्धाश्रमात जायचे ठरले आणि महिनाअखेरीस घंटेवरची त्यांच्या नावाची पट्टी निघाली. मी इस्पितळात भेटायला गेलो, तेव्हा त्या उशीला टेकून जरा सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "हेर योशी, आता आपण एकमेकांना 'दू' म्हणू या." आईखेरीज त्या वयाच्या बाईला मी जन्मात कधी तू म्हटले नव्हते. जीभ अडखळली, पण म्हटले.

रात्री आईला फोनवर सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू म्हणतोस ना आता तिला? मग या खेपेला लाडवांचा डबा तिच्याकडेच राहू दे."