डहाणू-तलासरीच्या भूकंपनोंदी आणि लिनक्स प्रणालीचे व्यवस्थापन

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले. धुंदलवाडी, हळदपाडा व आसपासच्या पाड्यांतील अनेक कुटुंबांनी त्या हिवाळ्यातील रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी दुपारी दोनच्या सुमारास ४.१ परिमाणाचा धक्का बसला. एक मोठा भूकंप व त्यामागून ओसरत जाणारे अनुधक्के, असा परिचित क्रम येथे नव्हता. लहान-मध्यम धक्क्यांची ती लांबलेली मालिका होती. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र यांनी या भागात भूकंपलेखक यंत्रे बसविली.

धक्का नेमका कोणत्या गावाखाली झाला आणि किती खोलीवर, हा तेथील रहिवाशांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर यंत्राच्या सुईत नसून संगणकात साठलेल्या आकड्यांत असते. आणि हे आकडे हाताळणाऱ्या आज्ञावल्यांपैकी बऱ्याचशा लिनक्स या मुक्तस्रोत परिचालन प्रणालीवर चालतात. जर्मनीतील पोट्सडॅम येथे तयार झालेली ‘साइसकॉम्प’ ही आज्ञावली तर प्रामुख्याने लिनक्सवरच चालवली जाते. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाची ‘साइसॅन’ तिच्यावरही चालते. म्हणून भूकंपनोंदींवर काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही प्रणाली वापरता येणे पुरेसे नाही, तिचे व्यवस्थापनही आले पाहिजे. या दोहोंतील अंतर सहसा लक्षात घेतले जात नाही.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहिला. त्याभोवतीची अनेक साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातून आली. मूळ लेखन कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येते, एवढाच ‘मुक्तस्रोत’ या शब्दाचा येथे अर्थ. फुकट मिळते म्हणून ती स्वीकारावी, हा युक्तिवाद लंगडा आहे. कारण शिकण्यास लागणारा वेळ फुकट नसतो. मुंबईतील संशोधकाने काढलेला निष्कर्ष तलासरीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्याच आज्ञावलीने, परवान्याची वाट न पाहता, तपासून पाहता येतो, हे कारण अधिक वजनदार होय.

व्यवस्थापनाचा खरा कस लागतो तो घड्याळापाशी. भूकंपाचे प्राथमिक तरंग कठीण खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने जातात. निरनिराळ्या केंद्रांवर ते केव्हा पोचले यांतील फरकांवरून भूकंपनाभीचे स्थान काढले जाते. सर्वच केंद्रांची घड्याळे सारखीच मागे असतील, तर स्थान बिघडत नाही; भूकंपाची वेळ तेवढी चुकते. परंतु एकाच केंद्राचे घड्याळ अर्धा सेकंद मागे पडले, तर त्या केंद्रापासूनच्या अंतरात तीन किलोमीटरपर्यंत चूक शिरू शकते. शंभर किलोमीटर दूरच्या भूकंपात ती कदाचित खपून जाईल. डहाणू-तलासरीत मात्र ही सारी मालिका मोजक्या गावांच्या परिसरात घडत होती. तेथे तीन किलोमीटर म्हणजे एका पाड्याऐवजी दुसऱ्या पाड्याचे नाव घेणे.

चांगल्या भूकंपलेखकात उपग्रहावरून वेळ घेणारे स्वतःचे घड्याळ असते, आणि संगणक ती वेळ केवळ उतरवून घेतो. पण अल्प खर्चाच्या यंत्रांत लहानसा संगणकच नोंद करतो व वेळही तोच लावतो. साध्या संगणकाचे स्फटिक-घड्याळ दशलक्षात दहा भाग इतके चुकले, तरी दिवसाला ०.८६ सेकंदाची तफावत पडते. म्हणून लिनक्समध्ये वेळ जुळविणारी स्वतंत्र सेवा सतत चालू ठेवावी लागते. ती चालू आहे एवढे पाहून समाधान मानू नये. तिच्या नोंदवहीत शेवटची जुळणी केव्हा झाली आणि तफावत किती होती, हे वाचावे लागते. जाळ्याचा संपर्क तुटल्यास ही सेवा तक्रार न करता मुकाट चालू राहते, आणि घड्याळ सावकाश सरकत जाते. अशा वेळी एक आधार उरतो. प्राथमिक व दुय्यम तरंगांच्या आगमनातील अंतर एकाच घड्याळाने मोजलेले असल्याने घड्याळाच्या चुकीपासून ते अलिप्त राहते. त्या सेकंदांना साधारण आठाने गुणले की नाभीचे अंतर किलोमीटरांत मिळते. घड्याळावर संशय आल्यास हा पडताळा प्रथम घ्यावा.

याच्याच शेजारची अडचण प्रमाणवेळेची. भूकंपनोंदी जागतिक समन्वित वेळेत ठेवल्या जातात आणि फायली बहुधा वर्षातील दिवसाच्या क्रमांकाने बांधलेल्या असतात. १ फेब्रुवारीचा तो दुपारी दोनचा धक्का नोंदीत साडेआठच्या सुमारास, बत्तिसाव्या दिवसाच्या फायलीत शोधावा लागतो. हे सोपे आहे. पण एखाद्या गावकऱ्याने “दोन तारखेला पहाटे तीनला हादरलो” असे सांगितले, तर तो धक्का आदल्या तारखेच्या साडेनऊ वाजता रात्री नोंदलेला असतो, म्हणजे पुन्हा बत्तिसाव्याच दिवशी. तेहतिसाव्या दिवसाची फाइल उघडून ‘नोंद नाही’ असे उत्तर देणारा विद्यार्थी चूक करतो, आणि खरे सांगणारा गावकरी खोटा ठरतो. संगणकाचे अंतर्गत घड्याळ जागतिक वेळेवरच ठेवावे व भारतीय वेळ केवळ दाखविण्यापुरती वापरावी, हा नियम त्यासाठीच आहे.

डिस्कचा हिशेब कोरडा असला तरी चुकविता येत नाही. सेकंदाला शंभर नमुने, तीन दिशा, म्हणजे एका केंद्रावर दिवसाला २ कोटी ५९ लाख २० हजार आकडे. प्रत्येकी चार बाइट धरल्यास दिवसाला सुमारे १०४ मेगाबाइट आणि वर्षाला ३८ गिगाबाइट होतात. संक्षेपणामुळे हा आकडा बराच उतरतो. तथापि डिस्क भरली की नवी नोंद थांबते, आणि ते कळते ते पुढचा धक्का बसल्यावर. ‘डीएफ’ ही दोन अक्षरांची आज्ञा किती जागा उरली ते सांगते. ठरलेल्या वेळी कामे करणाऱ्या ‘क्रॉन’ या सेवेकडे ही तपासणी सोपविता येते.

लिनक्समध्ये ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याला काहीही करता येते, आणि नवशिक्याला याचा मोह पडतो. परवानगी नाकारली गेली की ‘सुडो’ लिहून पुढे जावयाचे, ही सवय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून हमखास दिसते. वस्तुतः प्रणालीने दिलेला नकार हा बहुतेक वेळा योग्य असतो. मूळ नोंदी एका स्वतंत्र वापरकर्त्याच्या मालकीच्या आणि इतरांना केवळ वाचनीय ठेवाव्यात. विश्लेषण त्यांच्या प्रतीवर करावे. मूळ नोंदीतील एखादा आकडा नकळत बदलला, तर तो पुन्हा मिळविण्यासाठी तोच भूकंप पुन्हा घडवून आणता येत नाही!

केंद्र डहाणूत आणि अभ्यासक मुंबईत असेल, तर बरेचसे व्यवस्थापन दुरून, ‘एसएसएच’च्या सुरक्षित मार्गाने करावे लागते. येथे एक चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होते. दूरच्या यंत्राच्या जाळ्याची मांडणी बदलताना स्वतः ज्या फांदीवर बसलो आहोत तीच तोडली जाते, आणि यंत्र चालू असूनही अप्राप्य होते. चर्चगेटपासून डहाणू रोड सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. २०१३ पासून उपनगरी गाड्या तेथवर जातात खऱ्या, पण स्थानकापासून पाड्यापर्यंतचा रस्ता पावसाळ्यात वेगळीच परीक्षा घेतो. जाणते व्यवस्थापक म्हणूनच बदल करण्यापूर्वी, दहा मिनिटांनी जुनी मांडणी आपोआप परत लागू होईल अशी आज्ञा आधी देऊन ठेवतात. बदल यशस्वी झाल्यास ती रद्द करतात.

शिकण्याच्या क्रमाविषयी मतभेद आहेत. बहुतेक वर्ग प्रणाली बसविण्यापासून आरंभ करतात. त्यात उत्साह वाटतो, पण बसविलेली प्रणाली बिघडेपर्यंत विद्यार्थी फारसे काही शिकत नाही. त्यापेक्षा चालू यंत्राची नोंदवही रोज वाचावयास लावणे अधिक फलदायी ठरते. ‘मॅन’ ही आज्ञा प्रत्येक साधनाची माहितीपुस्तिका समोर ठेवते. ती इंग्रजीत व रूक्ष असते, म्हणून टाळली जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. आरंभासाठी ते उत्तम आहेत. घड्याळाची तफावत व डिस्कची उरलेली जागा यांचे वाचन मात्र शेवटी स्वतःच्या यंत्रावरच करावे लागते, आणि वाचलेले आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावे लागतात. कारण यंत्र पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जाते, आणि अमुक आठवड्यात घड्याळ किती मागे होते हे त्याला त्या वहीतूनच कळते.