गच्चीवरून धावपट्टीवर

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोंदणी २०१७ ची, चाचणीची परवानगी २०१९ ची, उड्डाण २०२० मध्ये धुळ्याहून. विमान उभं असताना कागदांपायी इतकी वर्षं जावीत, याची हळहळ वाटते.

घरी बांधलेलं विमान एकदम हवेत नेत नाहीत. आधी धावपट्टीवर हळू, मग वेगाने पळवून ब्रेक आणि सुकाणू पारखतात. वजन करून गुरुत्वमध्य काढतात. तो फार मागे गेला तर विमानाचं नाक आवरत नाही. सगळ्यात मोलाची तपासणी इंधनाची: नाक चढणीच्या कोनात उचलून ठेवायचं, इंजिनाजवळची नळी सोडवायची आणि मिनिटाला किती पेट्रोल येतं ते भांड्यात मोजायचं. पुरेसं आलं नाही, तर उड्डाणानंतर ऐन चढणीवर इंजिन बंद पडू शकतं.

पहिल्या फेरीत धावपट्टी आवाक्यात ठेवतात. अमेरिकेत अशा विमानांना सहसा २५ किंवा ४० तासांच्या चाचण्या पुऱ्या होईपर्यंत प्रवासी नेता येत नाहीत.