दोन डोळे कशाला?

आपल्याला डोळे दोन आहेत, पण झाड एकच दिसते. असे का, ते आमच्या गुरुजींनी वर्गात समजावून सांगितले.

आधी एक प्रयोग करा. दोन्ही हातांत एकेक पेन्सिल आडवी धरा, टोके समोरासमोर. एक डोळा मिटा आणि टोकाला टोक टेकवा. आमच्या वर्गात पुष्कळांचं चुकलं, माझंपण. दोन्ही डोळे उघडल्यावर लगेच जमलं.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर असते. म्हणून प्रत्येकाला चित्र थोडे वेगळे दिसते. झेंड्याच्या खांबासमोर अंगठा धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा खांबाच्या इकडून तिकडे उडी मारतो! तो जवळ असला की उडी मोठी, लांब नेला की लहान. या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो.

प्रत्येक डोळ्यामागून एक नस मेंदूत जाते. तिच्यात सुमारे १० लाख बारीक धागे असतात. वाटेत दोन्ही नसा चौकात भेटल्यासारख्या भेटतात. तिथे साधारण निम्मे धागे पलीकडे जातात, बाकीचे आपल्याच बाजूने. त्यामुळे उजवीकडचं जे दिसतं ते दोन्ही डोळ्यांकडून मेंदूच्या डाव्या भागात जमा होतं आणि डावीकडचं उजव्या भागात. शेवटी ते डोक्याच्या मागच्या बाजूला पोचतं. बघायचं पुढून आणि कळतं मागे, गंमतच आहे! तिथल्या पुष्कळ पेशी दोन्ही डोळ्यांचं ऐकतात.

पण ही सवय लहानपणीच लागते. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला, तर मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याचं ऐकेनात. मोठ्या मांजराचं तसं झालं नाही. त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. मला मात्र पिल्लाचं वाईट वाटलं.

माझी धाकटी बहीण पाच वर्षांची आहे. तिचा एक डोळा जरा तिरळा आहे. आजी म्हणायची, तिरळा डोळा नशिबाचा. पण ती पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर सांडायची, पायरी चुकायची. आम्ही तिला धांदरट म्हणून रागवायचो. मीपण एकदा धपाटा दिला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिचा मेंदू त्या डोळ्याचं चित्र सोडून देतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल. सात-आठ वर्षांच्या आत केलं तर जास्त गुण येतो, नंतर कमी. म्हणून पालकांनी बालवाडीतच मुलांचे डोळे तपासून घ्यावेत. कधी कधी डोळा सरळ दिसतो, तरी आळशी असतो.

पट्टी रोज दोन तास असते. पहिल्या दिवशी ती फार रडली. आता त्या वेळात मी तिच्याशी सागरगोटे खेळते. काल तिने दोन झेलले.

— इयत्ता ४ थी