नकार देणाऱ्या प्राण्याला सुई टोचताना

मागच्या व्याख्यानात आपण 'संमती' या संकल्पनेविषयी बोललो. त्यानंतर एका भगिनींची चिठ्ठी आली. त्यांच्या घरी पाळलेला इग्वाना आहे, आजारी आहे. डॉक्टरांनी इंजेक्शनं घरीच द्यायला सांगितली आहेत, पण तो पळतो, शेपटीचे फटकारे मारतो. त्यांनी विचारलंय, "सर, त्याचा हा नकार खरा नकार मानायचा का?" आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर.

ज्यांनी इग्वाना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा मोठा हिरवा सरडा. दिसायला काहीसा आपल्या घोरपडीसारखा, पण घोरपड मांसाहारी आणि हा पाला खाणारा. झाडावर राहणारा. त्याच्या आयुष्यात वरून झडप घालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे शिकारी पक्षी. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता प्रश्नाकडे. देकार्तची प्राण्यांविषयीची भूमिका तुम्हाला आठवत असेल: प्राणी म्हणजे यंत्रं. ते मानलं तर प्रश्नच मिटतो, घड्याळाला कोणी परवानगी विचारत नाही. कांट म्हणतो, प्राण्यांशी क्रूरपणे वागू नका, कारण त्याने तुम्ही माणसांशीही क्रूर व्हाल. म्हणजे काळजी पुन्हा माणसाचीच! बेंथमने 1789 साली वेगळी कसोटी मांडली. प्राण्याला बुद्धी आहे का, बोलता येतं का, हे विचारूच नका. त्याला दुःख होतं का, एवढंच विचारा. आपल्या इग्वानाला बेंथमची कसोटी लागू पडते. त्याला भीती वाटते, त्याला दुखतं.

मग कोणी म्हणेल, लहान मुलालाही लस टोचतोच की आपण, तेही रडतं. बरोबर. पण फरक बघा. मूल मोठं होतं. एक दिवस आपण त्याला सांगू शकतो, बाबा रे, यासाठी टोचलं होतं. आपण त्याच्या उद्याच्या संमतीवर उसनवारी करतो. इग्वानाच्या बाबतीत ही उसनवारी चालत नाही. तो बरा होईल, पण सुईमुळे बरा झालो हे त्याला कधीच कळणार नाही. त्याच्या लेखी ती दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटांची निव्वळ भीती. म्हणून माझं उत्तर असं: त्याचा नकार खरा आहे. हितासाठी तो ओलांडावा लागतो, पण ओलांडला म्हणून तो नाहीसा होत नाही. आपण त्याचे देणेकरी होतो. हे देणं फेडायचं कसं? हातातल्या कौशल्याने.

औषध कुठलं, किती, किती दिवसांनी, हे सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याने ठरवायचं. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ग्रॅम दाखवणारा काटा घरात हवा. पहिलं इंजेक्शन त्यांच्यासमोर आपल्या हाताने देऊन शिकून घ्या. मी सांगतोय ते त्यामागचं 'का'.

इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो. त्याखाली खरोखरच तिसरा डोळा आहे! चित्र दिसत नाही त्याला, पण उजेड आणि सावली कळते. वरून हात नेलात की त्याच्या दृष्टीने घार आली. म्हणून बाजूने, खालच्या अंगाने, सावकाश जायचं. सिरिंज आधीच भरून ठेवायची. दोन माणसं हवीत, एक धरायला, एक टोचायला. टॉवेलात गुंडाळायचं, पण छाती आवळायची नाही. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, बरगड्या हलल्या तरच श्वास चालतो. शेपटी धरायची नाही, ती तुटून हातात येऊ शकते. कॅल्शियम कमी पडलेल्या इग्वानाची तर हाडंही ठिसूळ असतात, झटापटीत मोडतात.

टोचायचं पुढच्या पायाच्या स्नायूत, दोन खवल्यांच्या मधल्या जागी. मागच्या पायात का नाही? कारण शेपटीकडचं आणि मागच्या पायांतलं रक्त सगळ्या शरीरात फिरण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं. मग औषध वाया जाण्याची किंवा मूत्रपिंडांना बाधण्याची भीती. सुई शिरल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून पाहायचा. रक्त आलं तर सुई काढून जागा बदलायची. आज डावा पाय, पुढच्या वेळी उजवा, वहीत नोंद. सुई टणक डब्यात टाकून डॉक्टरांकडे परत द्यायची. हात साबणाने धुवायचे, या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

आता एक युक्ती सांगतो, तिच्यात तत्त्वज्ञान दडलंय. मिटलेल्या डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवून पट्टी हलकेच गुंडाळली, की इग्वानाच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि तो निपचित होतो. मोठा आवाज झाला की भानावर येतो. डोळ्यांचा आजार नसेल तर डॉक्टरही हे करतात. चांगली सोय आहे. दुसरी युक्ती काही लोक करतात: प्राण्याला गार करायचं, म्हणजे तो सुस्तावतो. ही मात्र अजिबात करू नका. थंडीने हालचाल गोठते, वेदना थांबते असं समजायला आधार नाही. शिवाय त्याचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं. गार पडलं तर औषधही नीट काम करत नाही. उपचार चालू असताना ऊब पुरेशी हवीच.

दोन्ही युक्त्यांत प्राणी गप्प होतो. आपल्याकडे म्हणतात, मौनं संमतिलक्षणम्. इथे ते साफ खोटं आहे. डोळे बांधलेला इग्वाना भूल दिलेला नाही आणि राजीही नाही. आपल्याला मिळाली आहेत ती थोडी शांत मिनिटं. ती टोचण्यात वापरायची. 'बघा, आता त्याला सवय झाली' असं मनाचं समाधान करून घेण्यात नव्हे.

आणि म्हणूनच डॉक्टरांना विचारत राहायचं. हेच औषध तोंडाने देता येईल का? दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवता येईल का? तो तोंड उघडून धापा टाकायला लागला, तर सोडून द्या, डॉक्टरांना फोन करा. शेवटी एक अवघड प्रश्न राहतो: बरं होण्याची आशा उरली नसताना आपण टोचत राहिलो, तर ते कोणासाठी? त्याच्यासाठी, की त्याला गमवायचं नाही म्हणून आपल्यासाठी? याचं उत्तर इग्वाना देणार नाही. म्हणून वहीत औषधाच्या नोंदीशेजारी आणखी दोन ओळी लिहा: आज त्याने पाला खाल्ला का, उबेच्या जागी आपणहून गेला का. निर्णयाची वेळ आलीच, तर डॉक्टरांसमोर ती वही उघडा. त्याची बाजू मांडणारं दुसरं काही आपल्याजवळ नाही.

आता प्रश्न विचारा.