जुनी ऑफरोड बाइक घेताना मीटरवर विसंबू नका!

कोल्हापूर - गगनबावडा, राधानगरी परिसरातील कच्च्या वाटांच्या ओढीने २०१९ मध्ये बाजारात आलेल्या हीरो एक्सपल्स २०० सारखी जुनी ऑफरोड दुचाकी घ्यायची असेल, तर ती किती धावली यापेक्षा कुठे धावली, हे आधी पाहावे.

इंजिनाखालचा संरक्षक पत्रा खोल चेपलेला असल्यास चासीचे वेल्डिंग बारकाईने तपासावे. पुढच्या फोर्कमधून तेल गळते का, चाक फिरवताना रिम डुलते का, स्पोक सैल आहेत का, हे पाहावे. एअर फिल्टरच्या आतल्या बाजूला धूळ आढळल्यास इंजिनाची झीज संभवते.

चासी व इंजिन क्रमांक आरसीशी पडताळावेत. नाव हस्तांतरासाठीचे २९ व ३० क्रमांकाचे अर्ज त्वरित दाखल करावेत. विक्रेत्यानेही गाफील राहू नये. नोंदीवर नाव कायम असल्यास अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.