वैद्यकीय संशोधनाचा पद्धतशीर आढावा: शोध कसा घ्यावा

2001 साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयी एक प्रयोग चालू होता. त्यात हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे घेतल्यानंतर 24 वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका दगावली. या औषधाने फुफ्फुसांना इजा होऊ शकते, हे सांगणारे लेख 1950च्या दशकातच छापून आले होते. पण संशोधकाच्या शोधाची बरीचशी भिस्त पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसवर होती आणि त्या वेळी पबमेडमध्ये 1966च्या आधीचे लेख मिळत नव्हते. अपुरा शोध किती महागात पडतो, हे या घटनेने वैद्यकीय जगाला दाखवले.

पद्धतशीर आढावा, म्हणजेच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, हा एका नेमक्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या नियमांनी गोळा करून तपासतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे त्यावर ठरतात. जे अभ्यास शोधात निसटतात, त्यांना निष्कर्षात जागाच मिळत नाही. म्हणून आढाव्याचा खरा पाया शोधातच घातला जातो.

आधी प्रश्न नेमका करा

प्रश्नाचे चार भाग पाडतात: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता मोजायचा. या चौकटीला ‘पिको’ म्हणतात. उदाहरणार्थ, प्रशिक्षित आरोग्यसेविका घरी येऊन बाळाची काळजी घेऊ लागल्या, तर खेड्यांतले नवजात मृत्यू कमी होतात का? इथे रुग्ण म्हणजे पहिल्या 28 दिवसांतली बाळे, उपाय म्हणजे गृहभेटी, तुलना नेहमीच्या सेवेशी आणि परिणाम म्हणजे मृत्यू.

शोधताना मात्र बहुतेकदा पहिले दोनच भाग वापरावेत. मोजलेला प्रत्येक परिणाम लेखाच्या सारांशात लिहिलेला असतोच असे नाही. चारही भागांची अट घातली, तर कामाचे लेख गळतात.

प्रश्न ठरला की प्रोटोकॉल, म्हणजे आढाव्याचे नियम, लिहून यॉर्क विद्यापीठाच्या ‘प्रॉस्पेरो’ या नोंदवहीत नोंदवावा. मग हाती आलेले निकाल पाहून नियम बदलण्याचा मोह टळतो.

शब्दांची यादी करा

गृहभेटींच्या वरच्या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा अभ्यास गडचिरोलीतला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि त्या गावांची तुलना इतर 47 गावांशी केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या लेखाच्या शीर्षकात ‘निओनेटल’ आहे, ‘न्यूबॉर्न’ नाही. ‘फील्ड ट्रायल’ आहे, ‘रँडमाइज्ड’ नाही. ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ हे शब्दही त्यात नाहीत. नेमके हेच तीन शब्द शीर्षकात शोधणाऱ्याला हा लेख दिसणारच नाही. शिवाय हे काम करणाऱ्यांना देशोदेशी वेगळी नावे आहेत: भारतात आशा, पाकिस्तानात लेडी हेल्थ वर्कर, बांगलादेशात शास्थ्य शेबिका.

म्हणून प्रत्येक भागासाठी समानार्थी शब्दांची यादी करून ते ‘ऑर’ने जोडावेत आणि असे गट एकमेकांना ‘अँड’ने जोडावेत. शब्दाच्या मुळापुढे तारका दिली की त्याची सगळी रूपे सापडतात. ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही स्पेलिंगं घ्यावीत. गावांची जुनी नावेही विसरू नयेत. मुंबईतले जुने अभ्यास ‘बॉम्बे’ या नावानेच आहेत. जोडीला पबमेडमधली ‘मेश’ ही विषयशीर्षके वापरावीत. लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, लेखाला विषयानुसार ठरावीक शीर्षक दिले जाते. मात्र सगळ्याच लेखांना अशी शीर्षके मिळालेली नसतात, म्हणून शब्द आणि शीर्षके दोन्ही हवीत.

एकाच डेटाबेसवर थांबू नका

पबमेड मोफत आहे आणि सुरुवात तिथूनच होते. पण युरोपातली अनेक नियतकालिके आणि परिषदांतले सारांश एम्बेस या डेटाबेसमध्ये अधिक मिळतात. चाचण्यांसाठी कॉक्रेन संस्थेचे ‘सेंट्रल’, परिचर्येसाठी ‘सिनाल’ आणि लॅटिन अमेरिकेसाठी ‘लिलॅक्स’ आहे. सापडलेल्या प्रत्येक लेखाची संदर्भसूची चाळावी आणि पुढे त्याचा हवाला कोणी दिला, तेही पाहावे.

न छापलेलेही शोधा

नैराश्यावरील 12 औषधांच्या अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या 74 अभ्यासांचा माग 2008 साली संशोधकांनी काढला. नियामकाच्या मते अनुकूल ठरलेल्या 38 अभ्यासांपैकी 37 छापले गेले होते. उरलेल्या 36 पैकी 22 छापलेच गेले नाहीत आणि 11 अनुकूल वाटतील अशा रीतीने छापले गेले. फक्त छापील लेख वाचणाऱ्याला ही औषधे आहेत त्याहून गुणकारी वाटणार. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे चाचण्यांचे पोर्टल आणि 2007 साली सुरू झालेली भारताची ‘सीटीआरआय’ ही नोंदवही तपासणे अत्यावश्यक आहे.

नोंद ठेवा, मग चाळा

आधीपासून माहीत असलेले काही महत्त्वाचे लेख आपल्या शोधात येतात का, ते पाहावे. वरच्या प्रश्नात गडचिरोलीचा लेख आला नाही, तर शब्द सुधारायलाच हवेत. प्रत्येक डेटाबेसमध्ये टाकलेली शोधाची संपूर्ण ओळ, तारीख आणि मिळालेली संख्या लिहून ठेवावी. दुबार नोंदी काढून उरलेले सारांश दोघांनी स्वतंत्रपणे चाळावेत. मतभेद झाला तर तिसऱ्याचे मत घ्यावे. 27 मुद्द्यांची ‘प्रिझ्मा 2020’ यादी हे सगळे कसे मांडायचे ते सांगते.

वाचकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी

एखाद्या आढाव्याचा दाखला कोणी दिला, तर आधी त्यातला शोधाचा भाग वाचा. किती डेटाबेस पाहिले, कोणत्या तारखेपर्यंत आणि शोधाची ओळ पूर्ण दिली आहे का, हे तपासा. त्याच पावलांनी दुसऱ्याला तो शोध पुन्हा घेता येत नसेल, तर निष्कर्षावर पूर्ण विसंबू नका. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनो, आढावा हाती घेणार असाल तर पहिला शब्द टाइप करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटा. शोध घेणे हे त्यांचे शास्त्र आहे. त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या आणि लेखात त्यांचे श्रेयही द्या.