दुनळी रायफलीचा धक्का व दुखरा खांदा

जुन्या शिकारी बंदुकांविषयीं लिहितांना गोळीचें वजन, नळीचा व्यास व मारलेलें जनावर यांचाच विचार बहुधा केला जातो. बंदुकीच्या मागल्या टोकाला जो मनुष्य उभा असतो त्याच्या खांद्याचें काय होतें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक दुनळी रायफलीचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशीं या प्रश्नाभोवतींच फिरला आहे. ज्याचा खांदा दुखावलेला आहे अशा शिकाऱ्यानें कोणती दुनळी रायफल पसंत करावी, या व्यावहारिक प्रश्नाचें उत्तरही त्या इतिहासांतच सांपडतें. प्रस्तुत लेखांत तें उत्तर क्रमानें मांडण्याचा हेतु आहे.

प्रथम परिभाषेचा खुलासा करणें अवश्य आहे. ठासणीच्या काळीं नळीचें माप 'बोअर' या संख्येनें सांगत. एक पौंड शिशाच्या जितक्या सारख्या गोळ्या होतील तितका बोअर. म्हणजे चार बोअरच्या बंदुकीची गोळी पाव पौंडाची. पुढें व्यास इंचाच्या सहस्रांशांत सांगण्याची चाल पडली. कांहीं ठिकाणीं '४५०/४००' अशी जोडसंख्या आढळते, तिचा अर्थ.४५० इंची काडतुसाचें तोंड आवळून .४०० इंची नळीसाठीं केलेलें काडतूस, असा समजावा. जुन्या शस्त्रांच्या याद्या वाचतांना या दोन आंकड्यांवरून दोन बंदुका मानण्याची चूक होऊं नये.

बंदुकीचा धक्का कशानें उत्पन्न होतो, हें न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरून कळतें. गोळी व दारूचे वायु जितक्या संवेगानें पुढें जातात, तितक्याच संवेगानें बंदूक मागें येते. संवेग म्हणजे वजन व वेग यांचा गुणाकार. बंदूक जड असली तर तोच संवेग तिला कमी वेग देतो. आणि खांद्यावर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें, संवेग कायम असतां ती बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणांत घटते. म्हणून गोळीचा भार, तिचा वेग, दारूचें वजन व बंदुकीचें वजन या चार आंकड्यांवरून कोणत्याही रायफलीचा धक्का अदमासानें काढतां येतो.

या नियमाचें उत्तम प्रात्यक्षिक दोन प्रसिद्ध इंग्रज शिकाऱ्यांच्या बंदुकांत दिसतें. सॅम्युएल बेकर यानें इ. स. १८४० मध्यें ब्रिस्टल येथील गिब्ज या कारागिराकडून चार बोअरची एकनळी रायफल करवून घेतली. तिचें वजन २१ पौंड होतें व दारूचा भार १६ ड्राम, म्हणजे सुमारें ४३७ ग्रेन. फ्रेडरिक सेलूस हा १८७१ सालीं दक्षिण आफ्रिकेंत उतरला. त्यानें हत्तींसाठीं वापरलेल्या ठासणीच्या बंदुकाही चार बोअरच्याच होत्या, पण त्यांचें वजन सुमारें साडेबारा पौंड. धक्क्याचा संवेग सारखा धरला, तर केवळ वजनाच्या फरकानें सेलूसच्या खांद्यावरील ऊर्जा बेकरच्या दीडपटीहून अधिक होते. त्या बंदुकांच्या धक्क्यानें आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला व नेम बिघडला, असें सेलूसनें पुढें स्वतःच नमूद केलें आहे. येथें ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, दुखापत खांद्यापुरती राहिली नाहीं. धक्क्याची धास्ती बसली म्हणजे चाप ओढतांना अंग आपोआप आकसतें, नेम चुकतो आणि जनावर जखमी होऊन झाडींत शिरतें. त्याच्या मागावर जाण्याचा धोका मग शिकाऱ्याइतकाच त्याच्या सोबतच्या वाटाड्यांनाही असतो.

कॉर्डाइट या निर्धूम दारूच्या आगमनानें चित्र पालटलें. १८९८ मध्यें लंडनच्या जॉन रिग्बीनें .४५० नायट्रो एक्स्प्रेस हें काडतूस काढलें. लहान व्यासाची, लांबट, कठीण आवरणाची गोळी सेकंदास दोन हजार फुटांहून अधिक वेगानें जाऊं लागली व पाव पौंडाच्या गोळीची गरज उरली नाहीं. परंतु १९०७ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानांत .४५० व्यासाच्या शस्त्रांवर व काडतुसांवर बंदी आली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच व्यासाच्या असल्यामुळें शिकारीचा दारूगोळा त्यांच्याकडे वळेल ही सरकारची भीति होती. या बंदीमुळें .४६५, .४७०, .४७५ असे मोठे व्यास प्रचारांत आले. मात्र ४५०/४०० च्या नळीचा व्यास मुळांतच लहान असल्यानें तिला ही बंदी लागू पडली नाहीं, आणि हिंदुस्थानांत ती विशेष लोकप्रिय झाली.

आतां प्रत्यक्ष आंकडे पाहूं. वायूंचा वेग सेकंदास ४,००० फूट धरून व मूळ कॉर्डाइटचे भार घेऊन आम्ही केलेला हिशेब पुढीलप्रमाणें आहे. .५७७ नायट्रो एक्स्प्रेस : गोळी ७५० ग्रेन, वेग २,०५० फूट, बंदूक १३ पौंड, धक्का सुमारें ९१ फूट-पौंड. .४७० : गोळी ५०० ग्रेन, वेग २,१५० फूट, बंदूक साडेदहा पौंड, धक्का सुमारें ५७. तीन इंची ४५०/४०० : गोळी ४०० ग्रेन, वेग २,१५० फूट, बंदूक १० पौंड; धक्का सुमारें ३८. १९१२ चें .३७५ फ्लँज्ड मॅग्नम : गोळी ३०० ग्रेन, वेग सुमारें २,४०० फूट, बंदूक साडेनऊ पौंड, धक्का सुमारें ३१. हे आंकडे अदमासाचे असले तरी त्यांतील प्रमाण विश्वसनीय आहे. .४७० वरून .४०० वर उतरतांच धक्क्याचा तिसरा हिस्सा नाहींसा होतो. आणि गोळीची ऊर्जा मात्र ५,१०० फूट-पौंडांवरून ४,१०० वर, म्हणजे पांचव्या हिश्श्यानेंच कमी होते. दुखऱ्या खांद्याच्या दृष्टीनें हा सौदा फार फायद्याचा आहे.

एवढ्यानें कोणी म्हणेल कीं, मोठ्या व्यासाचीच बंदूक घ्यावी व तिचें वजन वाढवावें. येथें दुखऱ्या खांद्यांचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. एक खांदा धक्का सोसत नाहीं, पण हात वर उचलतां येतो. दुसऱ्याला हात उचलणें व तोललेला ठेवणें हेंच कष्टाचें असतें. पहिल्यास वजन उपकारक आहे : ४५०/४०० ची रायफल ९ पौंडांची असेल तर धक्का सुमारें ४२ फूट-पौंड, आणि ११ पौंडांची असेल तर ३५. दुसऱ्यास मात्र ११ पौंडांची बंदूक धक्क्याहून अधिक छळते. दिवसभर ती वागवून ऐन वेळीं झटकन खांद्याला लावणें त्याला साधत नाहीं. त्यानें बंदुकीचें वजन न वाढवितां काडतूस लहान करावें, हाच मार्ग. आपला खांदा कोणत्या जातीचा आहे हें वैद्याकडून निश्चित करून घेतल्यावांचून खरेदी करूं नये.

काडतुसांतील दारू कमी करून धक्का उतरवावा, ही युक्ति एकनळी बंदुकीस चालते. दुनळीस ती सहसा चालत नाहीं. याचें कारण तिच्या रचनेंत आहे. उजवी नळी बंदुकीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असल्यामुळें ती उडतांच, गोळी नळींतून बाहेर पडण्यापूर्वींच, बंदूक किंचित् वर व उजवीकडे वळूं लागते; डावी उडाल्यास डावीकडे. म्हणून कारागीर दोन्ही नळ्या समांतर न ठेवतां पुढें किंचित् जवळ आणून जोडतो, आणि वारंवार गोळ्या झाडून पाहून दोहोंचा मार एका ठिकाणीं पडेल असा मेळ घालतो. हा मेळ एका ठराविक गोळीस व ठराविक वेगासच लागू असतो. वेग घटला तर गोळी नळींत अधिक वेळ राहते व सामान्यतः दोन्ही मार एकमेकांपासून दूर पडतात. वेग वाढला तर ते एकमेकांस छेदतात. उष्ण देशांत कॉर्डाइटचा दाब वाढतो म्हणून हिंदुस्थान व आफ्रिकेसाठीं कमी भाराचीं काडतुसें निराळीं बनवीत, व त्या रायफलींचा मेळही त्यांच्याशींच घालीत. याकरितां जुनी रायफल घेतांना तिच्यावर कोरलेला दारूचा व गोळीचा भार प्रथम वाचावा. ४५०/४०० चीं तीन इंची व सव्वातीन इंची अशीं दोन निराळीं काडतुसें आहेत, तीं एकमेकांच्या जागीं चालत नाहींत, हेंही येथेंच पडताळून घ्यावें.

धक्क्याचा आंकडा तोच असतांही तो खांद्याला कसा जाणवतो, हें दस्त्यावर अवलंबून असतें. दस्त्याचें मागचें टोक रुंद असावें, म्हणजे दाब मोठ्या जागेवर पसरतो. त्यावर रबराची गादी असावी. दस्ता फार खालीं उतरता असला तर नळीचें तोंड उसळतें व गालावर मार बसतो. दस्त्याची लांबी हाताच्या मापाची हवी. आखूड दस्ता गाल व बोटें दोन्ही दुखवितो. उजवा खांदा अगदींच निकामी असेल व डाव्या खांद्यावरून मारावयाचें ठरविलें, तर उजव्या हातासाठीं बाहेर वळविलेला दस्ता चालणार नाहीं. तो उलट बाजूस वळवून घ्यावा लागतो, आणि चापांचा क्रमही हातास उलटा पडतो.

सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. दुनळींत दोन चाप असतात. पुढचा बहुधा उजव्या नळीचा व मागचा डाव्या नळीचा. पहिल्या धक्क्यानें बोट मागें सरकून दुसरा चाप दाबला गेला, किंवा झिजलेला खटका हादऱ्यानें सुटला, तर दोन्ही नळ्या जवळजवळ एकदम उडतात. संवेग दुप्पट झाला म्हणजे ऊर्जा चौपट होते. दुखऱ्या खांद्याला हा एक प्रसंगही पुरेसा आहे. म्हणून जुन्या रायफलीचे खटके कुशल कारागिराकडून तपासून घ्यावेत. सराव उभ्यानें करावा, कारण उभें अंग धक्क्याबरोबर मागें झुकतें; पालथें निजून मारतांना तें झुकूं शकत नाहीं व सारा भार गळपट्टीच्या हाडावर येतो. सराव एका वेळीं थोड्याच गोळ्यांचा असावा. हात बसविण्यासाठीं हलकी रायफल वापरावी.

लहान गोळी पुरेल काय, ही शंका स्वाभाविक आहे. स्कॉटलंडच्या वॉल्टर बेल यानें हजाराहून अधिक हत्ती मारले, व त्यांतील बहुतेक .२७५ इंची एकनळी रायफलीनें. गोळी नेमकी कोठें बसावी याचें ज्ञान हेंच त्याचें बळ होतें. मात्र तें कौशल्य सामान्य शिकाऱ्यानें गृहीत धरूं नये. जिम कॉर्बेट यांनीं कुमाऊंत हलकी .२७५ रायफल वापरली, तशीच जेफ्रीची ४५०/४०० दुनळीही. माणसाच्या आटोक्यांतील धक्का व वाघाला पुरेसा मार यांचा मेळ त्या दुनळींत होता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हिंदुस्थानांत अशा शिकारीस जागा उरलेली नाहीं. म्हणून आजचा प्रश्न मुख्यतः आफ्रिकेंत जाणाऱ्या शिकाऱ्याचा आहे. तेथील अनेक देशांत हिंस्र व मोठ्या जनावरांसाठीं .३७५ हून लहान व्यास कायद्यानें चालत नाहीं. जर्मन ९.३ × ७४ हें सौम्य व दुनळीस सोयीचें काडतूस या मर्यादेच्या किंचित् खालीं येतें. तें हरणें व रानडुकरें यांसाठीं उत्तम, पण रानरेड्यासाठीं घेण्यापूर्वीं त्या देशाचा कायदा पाहावा.

सारांश, खांदा धक्का थोडाफार सोसत असेल व हात उचलतां येत असेल, तर दहा-साडेदहा पौंडांची, अंगाच्या मापाचा दस्ता असलेली तीन इंची ४५०/४०० ही प्रथम पसंतीची. अमेरिकेंतील हॉर्नेडी कंपनीनें या शतकांत तें काडतूस पुन्हा बाजारांत आणल्यामुळें तिला दारूगोळाही मिळतो. त्याहून कमी सोसत असेल तर .३७५ फ्लँज्ड. तीही सोसत नसेल, तर मोठ्या जनावराचा नाद सोडून हलक्या रायफलीवर संतुष्ट व्हावें. कारण धास्तीनें सोडलेल्या जड गोळीपेक्षां निर्धास्त हातानें सोडलेली हलकी गोळी जनावराला व माणसाला दोघांनाही अधिक दयाळू असते.